राजकन्येचं चित्र कुणासाठी?

पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकतो. त्या राजकन्येचं नाव कॅथरिन ऑफ ब्रगांझा. तिच्या माहेरी, लिस्बनमध्ये, तिला कातारिना म्हणत. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिच्या लग्नाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. सही झाली तेव्हा नवरा-नवरीने एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. ती दोघं समोरासमोर आली त्यानंतर जवळपास वर्षभराने, मे १६६२ मध्ये, इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात. आणि भेटीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचं लग्न लागलं.

मग चार्ल्सने होकार दिला तो काय पाहून? पैसा पाहिला, बंदरं पाहिली, व्यापाराच्या सवलती पाहिल्या, हे तर खरंच. पण मुलगी पाहण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता. तो म्हणजे चित्र.

आपल्याकडे स्थळाबरोबर फोटो पाठवतात, तसंच हे. तो फोटो खोटा नसतो. त्यातली मुलगी खरीच असते, साडीही तिचीच असते. पण फोटो कोणता काढायचा, कोणत्या बाजूने काढायचा, अंगावर कोणते दागिने घालायचे आणि तो कुणाकुणाला पाठवायचा, हे घरातली मोठी माणसं ठरवतात. सतराव्या शतकातल्या राजकन्यांची चित्रं याच रीतीने जन्माला येत. फरक इतकाच की त्या काळी एका चित्रामागे युद्ध, तह आणि समुद्रापलीकडची बेटं उभी असत.

युरोपातल्या संग्रहालयांत आज ही चित्रं कलाकृती म्हणून टांगलेली आहेत. ती मुळात राज्यकारभाराची कागदपत्रं होती, हे लक्षात घेतलं की ती फार वेगळी दिसू लागतात.

एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुली

सन १६३८. सप्टेंबरमध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याला मुलगी झाली: मारिया तेरेसा. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझा गावी ब्रगांझाच्या सरदाराला मुलगी झाली, तीच आपली कॅथरिन. त्या वेळी पोर्तुगालचं वेगळं राज्य नव्हतं. १५८० पासून स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे पहिली मुलगी धन्याची, तर दुसरी त्याच्या सरदाराची.

दोनच वर्षांनी चित्र पालटलं. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला आणि कॅथरिनचे वडील चौथा जुआंव म्हणून पोर्तुगालच्या गादीवर बसले. सरदाराची मुलगी राजकन्या झाली. पण स्पेनने हे नवं राज्य मान्य केलं नाही. युद्ध सुरू राहिलं, ते थेट १६६८ पर्यंत. नव्या गादीला जगात कुणीतरी आपलं म्हणणारा बलाढ्य सोयरा हवा होता. म्हणून कॅथरिन जेमतेम सात वर्षांची असताना, १६४५ मध्येच, इंग्लंडच्या युवराजासाठी तिचं नाव सुचवलं गेलं होतं. पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठीही प्रयत्न झाले.

फ्रान्सचं स्थळ मात्र स्पेनने मिळवलं. १६५९ मध्ये स्पेन आणि फ्रान्स यांच्यात पिरेनीजचा तह झाला आणि १६६० मध्ये लुईचं लग्न मारिया तेरेसाशी झालं. पोर्तुगाल एकटा पडला. कॅथरिनच्या वडिलांचं १६५६ मध्येच निधन झालं होतं आणि तिची आई लुइसा दे गुझमान मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. त्याच वर्षी, १६६० मध्ये, दुसरा चार्ल्स हद्दपारी संपवून इंग्लंडच्या गादीवर परतला. त्याची तिजोरी रिकामी होती. पोर्तुगालचा वकील फ्रान्सिस्को दे मेलो त्याच्यासमोर देकार घेऊन उभा राहिला: वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजियर, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मुंबई आणि पोर्तुगीज मुलखांत व्यापाराची मोकळीक.

स्पेनच्या वकिलाने हे लग्न मोडण्यासाठी जंग जंग पछाडलं. मुलीच्या अंगात व्यंग आहे, तिला मूल होणार नाही, अशा वावड्या त्याने उठवल्या आणि तिच्याऐवजी इटलीतल्या पार्माच्या राजकन्या सुचवल्या. अशा वेळी मुलीचं चित्र म्हणजे नुसती शोभेची वस्तू राहत नाही. ते पुरावा बनतं.

चित्रावर विश्वास किती ठेवायचा?

हा प्रश्न त्या काळच्या राजांनाही पडत असे, कारण त्यांच्यासमोर एक प्रसिद्ध उदाहरण होतं.

चार्ल्सच्या सव्वाशे वर्षं आधी इंग्लंडचा आठवा हेन्री नवी राणी शोधत होता. त्याचा दरबारी चित्रकार हान्स होल्बाइन याला मुली पाहायला पाठवण्यात आलं. मार्च १५३८ मध्ये ब्रसेल्सला डेन्मार्कची क्रिस्टिना त्याच्यासमोर फक्त तीन तास बसली. तेवढ्या वेळात केलेल्या रेखाटनावरून त्याने तिचं पूर्णाकृती चित्र रंगवलं, जे आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते स्थळ जुळलं नाही. मग १५३९ मध्ये होल्बाइन क्लीव्हजच्या सरदाराच्या मुलीकडे, ॲनकडे गेला. ते चित्र आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हेन्रीने चित्र पाहून होकार दिला. जानेवारी १५४० मध्ये लग्न झालं, आणि मुलगी पसंत नाही म्हणत त्याने ते जुलैमध्ये रद्दही करून घेतलं. हे लग्न जुळवणारा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचं त्याच महिन्यात शिर उडवलं गेलं. त्याच्यावर इतरही आरोप होते, पण या लग्नाने त्याची बाजू लंगडी केली होती. चित्रकाराला मात्र कोणतीही शिक्षा झाली नाही.

ॲनचं चित्र नीट पाहिलं तर एक गोष्ट कळते. तिचा चेहरा अगदी समोरून रंगवलेला आहे. समोरून पाहिल्यावर नाकाची लांबी, हनुवटीचा पुढचा भाग, कपाळाचा उतार यांतलं काहीच नीट कळत नाही. चित्रकाराने खोटं काहीच काढलेलं नसतं. कोन निवडतानाच पुष्कळसं काम झालेलं असतं. म्हणूनच शहाणे राजे चित्राबरोबर आपल्या वकिलाचं पत्रही मागवत. चित्र एक साक्षीदार, पत्र दुसरा.

एक चेहरा, अनेक प्रती

आता या चित्रांची घडण पाहू. राजकन्या चित्रकारासमोर आठवडेच्या आठवडे बसत नसे. तिला तेवढा वेळ नसे आणि तिला तसं बसवणं दरबाराच्या रीतीलाही धरून नसे. म्हणून काम टप्प्याटप्प्याने होई.

पहिला टप्पा चेहऱ्याचा. मुलीला समोर बसवून फक्त चेहरा उतरवून घेत. बैठका मोजक्याच असत. याचा बोलका पुरावा कॅथरिनच्याच एका चित्रात आहे. सॅम्युएल कूपर हा इंग्लंडमधला लघुचित्रांचा सर्वश्रेष्ठ कलाकार. तळहातावर मावेल एवढ्या चर्मपत्रावर तो जलरंगात काम करी. त्याने १६६२ च्या सुमारास केलेलं कॅथरिनचं लघुचित्र अपुरं राहिलं आणि ते आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. त्यात चेहरा जवळजवळ पुरा झालेला आहे, तर बाकीचा भाग नुसता सूचित केलेला आहे. कूपरची अशी आणखीही अपुरी लघुचित्रं आहेत. चेहरा आधी, बाकीचं मागाहून, ही पद्धत तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

दुसरा टप्पा कपड्यांचा. उंची वस्त्रं चित्रशाळेत पाठवली जात. ती लाकडी पुतळ्यावर चढवून चित्रकार किंवा त्याचे मदतनीस सावकाशीने रंगवत. म्हणजे चित्रातला चेहरा एका दिवसाचा आणि झगा दुसऱ्या आठवड्याचा असू शकतो.

तिसरा टप्पा प्रतींचा. चेहऱ्याचा एक नमुना मान्य झाला की त्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघत. मारिया तेरेसाचं उदाहरण घ्या. १६५२-५३ मध्ये दिएगो व्हेलास्केझ या स्पॅनिश दरबाराच्या थोर चित्रकाराने तिला रंगवलं. तिच्या झग्यावर फितींना दोन घड्याळं लटकलेली आहेत. त्या काळी घड्याळ ही फार महागडी वस्तू होती. या चित्राच्या प्रती एकाच वेळी निरनिराळ्या दरबारांत गेल्या, कारण तिच्यासाठी निरनिराळ्या घराण्यांशी बोलणी चालू होती. व्हिएन्नाला गेलेलं चित्र आजही तिथल्या कला-इतिहास संग्रहालयात आहे.

चौथा टप्पा छपाईचा. लग्न ठरलं की प्रजेलाही राणी दाखवावी लागे. कॅथरिनच्या बाबतीत हे काम विल्यम फेथॉर्न याच्या तांब्याच्या ठशाने केलं. अशा ठशावरून काढलेली चित्रं दुकानांत विकली जात. तैलचित्र राजवाड्यात एकच माणूस टांगू शकत असे. छापील चित्र मात्र सामान्य व्यापाऱ्याच्या घरीही पोचे.

घेरदार झग्याचा अर्थ

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत कॅथरिनचं १६६०-६१ च्या सुमाराचं चित्र आहे. ते मूळच्या नेदरलँड्सच्या डर्क स्टूप या चित्रकाराच्या नावाने ओळखलं जातं. स्टूप त्या काळात लिस्बनला काम करत होता. म्हणजे हे चित्र लग्नाच्या वाटाघाटींच्या दिवसांतलं आहे. गडद वस्त्र, त्यावर पांढऱ्या जाळीचं काम, दोन्ही बाजूंना पसरवलेले केस आणि कमरेखाली आडवा फुगलेला प्रचंड घेर.

हा घेर कापडाचा नसे. आत लाकडी किंवा वेताच्या कड्यांचा सांगाडा असे, आणि त्यावर घागरा पसरवलेला असे. अशा झग्यातल्या बाईला दारातून आडवं होऊन जावं लागे. स्पेनमध्ये चौथ्या फिलिपने १६३९ मध्ये या झग्यावर बंदीही घातली होती. ती टिकली नाही. पुढे त्याच्या दुसऱ्या राणीच्या दरबारात हाच झगा मानाचा पोशाख बनला.

चित्रात या घेराचं काम काय? पहिलं म्हणजे तो जागा व्यापतो. अंगाने लहान असलेली मुलगीही अशा झग्यात चित्रफलकाची सगळी रुंदी भरून टाकते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आधी वजन जाणवतं, मग वय. दुसरं, हालचाल थांबते. हात घेरावर ठेवलेले, मान ताठ. चंचलपणाला तिथे वाव नाही. राजकन्या म्हणजे स्थिर राज्य, हे न बोलता सांगितलं जातं. तिसरं, कापडाची किंमत दिसते. एवढं रेशीम आणि एवढी जाळी अंगावर वागवणाऱ्या मुलीचं माहेर कंगाल असणार नाही, असा निष्कर्ष वकील काढणारच.

इथे एक विसंगतीही आहे. पोर्तुगाल स्पेनशी लढत होता, तरी पोर्तुगालच्या दरबाराची वेषभूषा स्पेनच्याच वळणाची होती. कॅथरिनचं चित्र सांगत होतं: आम्ही नवे असलो तरी जुन्या घराण्यांच्या पंक्तीत बसणारे आहोत.

लिस्बनमध्ये जे मानाचं होतं, ते लंडनमध्ये चमत्कारिक वाटलं. मे १६६२ च्या अखेरीस जॉन एव्हलिन या दरबाराशी परिचित गृहस्थाने आपल्या रोजनिशीत राणीच्या सोबतिणींच्या या अवाढव्य झग्यांबद्दल आणि त्यांच्या विचित्र केशरचनेबद्दल नापसंती नोंदवली. राणीचे डोळे त्याला सुंदर वाटले, दात मात्र पुढे आलेले दिसले. खुद्द चार्ल्सनेही आपल्या मंत्र्याला पत्रातून कळवलं की चेहरा सौंदर्यवती म्हणण्याइतका रेखीव नसला तरी डोळे फार छान आहेत आणि चेहऱ्यात मन विटेल असं काही नाही. चित्र आणि माणूस यांची गाठ पडली, ती अशी.

व्हिएन्नाच्या भिंतीवर वाढणारी मुलगी

चित्र हे कागदपत्र कसं असतं, याचा सर्वांत स्वच्छ दाखला मारिया तेरेसाच्या सावत्र बहिणीचा आहे. तिचं नाव मार्गारिता. जन्म १२ जुलै १६५१, माद्रिद. तिची आई मारियाना ही चौथ्या फिलिपची सख्खी भाची. आणि मार्गारिताचं लग्न ठरलं ते तिच्या सख्ख्या मामाशी, मारियानाच्या भावाशी: व्हिएन्नाच्या लिओपोल्डशी, जो १६५८ मध्ये सम्राट झाला. स्पेन आणि ऑस्ट्रिया या दोन्ही ठिकाणी हाब्सबुर्ग हे एकच घराणं राज्य करत होतं. मुली घराण्यातच दिल्या की मुलूख घराण्याबाहेर जात नाही, हा त्यामागचा हिशेब.

मुलगी माद्रिदला, भावी नवरा व्हिएन्नाला. मधे महिन्यांचा प्रवास. म्हणून दर काही वर्षांनी तिचं नवं चित्र व्हिएन्नाला जाई. पहिलं ती दोन-तीन वर्षांची असतानाचं: गुलाबी-रुपेरी झगा, एका हातात पंखा, दुसरा हात मेजावर आणि मेजावर फुलांचं काचपात्र. दुसरं १६५६ च्या सुमाराचं: पांढरा झगा, वय पाच. तिसरं १६५९ चं: निळा झगा, वय आठ, हातात हात उबदार ठेवण्याचं केसाळ कातड्याचं वेष्टन. तिन्ही व्हेलास्केझने रंगवली आणि तिन्ही आज व्हिएन्नाच्या त्याच संग्रहालयात आहेत. १६५९ चं चित्र तिचा धाकटा भाऊ फेलिपे प्रोस्पेरो याच्या चित्राबरोबर पाठवलं होतं. एका चित्रातून सासरला कळे की सून सुखरूप वाढते आहे. दुसऱ्यातून कळे की स्पेनच्या गादीला वारसही आहे. तो वारस १६६१ मध्ये, चार वर्षांचा होण्याआधीच दगावला.

या चित्रांसमोर अगदी जवळ उभं राहिलं तर झग्यावर नुसते रंगाचे फटकारे दिसतात. चार पावलं मागे सरकलं की त्याच फटकाऱ्यांचं रेशीम होतं, चांदीची जर चमकू लागते. व्हेलास्केझ प्रत्येक धागा रंगवत नसे. प्रकाश कापडावर जिथे उसळतो तिथे एक ओला ठिपका ठेवून बाकीचं काम तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवी.

आता १६५६ मध्येच रंगवलेलं दुसरं चित्र पाहा, ‘लास मेनिनास’. उंची ३१८ सेंटिमीटर, रुंदी २७६ सेंटिमीटर. मध्यभागी तीच पाच वर्षांची मार्गारिता. पण इथे ती एकटी नाही. एक सोबतीण गुडघे टेकून तिला लाल मातीच्या भांड्यातून पाणी देते आहे, दुसरी झुकून उभी आहे. शेजारी मारी बार्बोला ही ठेंगणी दासी, झोपाळू कुत्रा आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवणारा दरबारातला निकोलासितो. डाव्या बाजूला स्वतः व्हेलास्केझ कुंचला घेऊन उभा आहे आणि मागच्या आरशात राजा-राणीची प्रतिबिंबं दिसतात. हे चित्र व्हिएन्नाला गेलं नाही. ते माद्रिदच्या राजवाड्यात राजाच्या खासगी दालनात टांगलं गेलं. १७३४ मध्ये तो राजवाडा जळाला, चित्र वाचलं, आणि आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की नियम हाती लागतो. प्रवासाला निघालेल्या चित्रात मुलगी एकटी असते, कारण पाहणाऱ्याला फक्त तिची पारख करायची असते. घरी राहणाऱ्या चित्रात तिच्याभोवती माणसं असतात, कारण पाहणारा तिचा बाप असतो. चित्रकार एकच, मुलगी एकच, वर्षही जवळपास तेच. बदलला आहे तो फक्त पाहणारा.

१६६६ मध्ये मार्गारिता व्हिएन्नाला पोचली. वय पंधरा. तिथेही तिची चित्रं निघाली, अगदी नाटकाच्या पिसारेदार पोशाखातलीसुद्धा. सहा वर्षांत तिला चार मुलं झाली. एकच मुलगी जगली. १२ मार्च १६७३ रोजी, बाविसावं वर्ष चालू असताना, मार्गारिता वारली. चित्रांच्या त्या ओळीत तिच्या थकव्याला कुठेही जागा नाही.

लिस्बनची लेक, लंडनची राणी

आता कॅथरिनकडे परतू. लग्नानंतर तिच्या चित्रांचा पाहणारा बदलला, म्हणून चित्रंही बदलली.

सुरुवातीला ती आपला पोर्तुगीज पोशाख सोडायला तयार नव्हती. पण थोड्याच दिवसांत तिने इंग्रजी वेष स्वीकारला. राजाचा प्रमुख चित्रकार पीटर लेली याने १६६३-६५ च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात तो घेरदार सांगाडा नाहीसा झालेला आहे. अंगावर सैल रेशीम आहे, मान उघडी आहे, केस कुरळे सोडलेले आहेत. लेलीच्या चित्रशाळेत उभं राहण्याच्या आणि बसण्याच्या ढबी ठरलेल्या असत, त्यांना क्रमांकही दिलेले असत, आणि मदतनीस त्यानुसार अंग रंगवत. त्यामुळे त्याच्या चित्रांतल्या बायका एकमेकींच्या बहिणी वाटतात, सगळ्यांच्या पापण्या जडावलेल्या. त्याने रंगवलेली दरबारी स्त्रियांची चित्रं पाहून सॅम्युएल पीप्स या रोजनिशीकाराने १६६८ मध्ये लिहिलं की चित्रं चांगली आहेत, पण हुबेहूब नाहीत.

कॅथरिनने स्वतःसाठी दुसरा चित्रकार निवडला: अँटवर्पहून आलेला जेकब हायस्मान्स. तो तिच्यासारखाच कॅथलिक होता. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक राणीकडे लोक संशयाने पाहत. हायस्मान्सने तिला मेंढपाळीच्या वेषात रंगवलं, कोकरू आणि पंखवाल्या बाळांसह. राणी म्हणजे कळपाची माउली, प्रेमाची देवता, असा त्याचा सूर. त्याने तिला संत कॅथरिनच्या रूपातही रंगवलं. नाव एकच असल्याने हे साधं कौतुक वाटे, पण त्यात तिच्या धर्माची उघड कबुलीही होती. पीप्सने ऑगस्ट १६६४ मध्ये हायस्मान्सच्या घरी जाऊन ही चित्रं पाहिली आणि हा माणूस लेलीलाही मागे टाकतो अशी ख्याती असल्याचं नोंदवलं.

मुलगी स्वतः चित्रकार निवडते, तेव्हा चित्राचा मालक बदलतो. लिस्बनच्या चित्रात कॅथरिनला पाठवणारे बोलत होते. हायस्मान्सच्या चित्रांत प्रथमच तिचा स्वतःचा आग्रह ऐकू येतो.

चित्रांनी लपवलेलं

तिच्या संसाराचं दुःख मात्र दुसऱ्याच एका चित्रात सापडतं. चार्ल्सची प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिला राणीच्या खास सेवेत नेमायचा हट्ट राजाने लग्नानंतर लगेच धरला. कॅथरिनने कडाडून विरोध केला आणि शेवटी तिला नमावं लागलं. १६६४ च्या सुमारास लेलीने त्या बार्बराला तिच्या आणि राजाच्या मुलासह रंगवलं, तेही कुमारी मारिया आणि बाळ येशू यांच्या रूपात. राणीला मूल नव्हतं. तिचे गर्भ टिकले नाहीत. तिच्याच धर्मातली सर्वांत पवित्र प्रतिमा तिच्या सवतीने अंगावर घेतली, याची बोच सांगणारं राणीचं एकही चित्र नाही. शेजारच्या चित्रामुळेच ती समजते.

१६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने राणी राजाला विष देणार असल्याचा धादांत खोटा आरोप केला. चार्ल्सने तो धुडकावला आणि वारस नसतानाही तिला सोडण्यास कायम नकार दिला. १६८५ मध्ये तो वारला. १६९२ मध्ये कॅथरिन इंग्लंड सोडून माहेरी निघाली, आणि म्हातारपणी, भाऊ आजारी असताना, १७०४-०५ मध्ये तिने पोर्तुगालचा कारभार हाती घेतला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती लिस्बनला वारली.

आणि मुंबई? करारात मुंबईचं बंदर आणि बेट असं लिहिलं होतं, पण त्या बेटाची हद्द कुठवर, यावरून पुढे वाद पेटला. माहीम त्यात येतं की नाही, यावरून पोर्तुगीज आणि इंग्रज भांडले. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी उतरूच दिलं नाही. ते सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले आणि त्यांतले बहुतेक रोगराईने मेले. फेब्रुवारी १६६५ मध्ये उरलेल्यांच्या वतीने हम्फ्री कुकने मुंबई ताब्यात घेतली. १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. वधूच्या झग्याची जाळी टाक्याटाक्याने रंगवली गेली होती. आंदणातलं बेट केवढं आहे, हे मात्र देणाऱ्या-घेणाऱ्यांनी नीट ठरवलंही नव्हतं.

थोडक्यात: राजकन्येचं चित्र कसं वाचावं

• चित्र कुणी काढवून घेतलं आणि कुणाला पाठवलं? पाहणारा कळला की निम्मा अर्थ कळतो.

• मुलीचं वय आणि चित्राचं वर्ष जुळवून पाहा. त्या वर्षी कोणता तह, कोणतं युद्ध, कोणती सोयरीक चालू होती?

• ती एकटी आहे की माणसांत? एकटी असेल तर चित्र बहुधा प्रवासाला निघालेलं होतं.

• कपडे माहेरचे की सासरचे? वेष बदलला की तिची निष्ठा कुणाकडे अपेक्षित होती, हे समजतं.

• चेहरा एकाच मूळ नमुन्याचा आहे का? तसं असेल तर त्याच्या प्रती आणखी कुठे गेल्या, हे शोधा.

• त्याच वर्षांतली शेजारची चित्रं पाहा. एका चित्रात नसलेली गोष्ट दुसऱ्यात सापडते.

पाहण्याची जबाबदारी आपली

या मुलींना चित्रं काढून घ्यायची की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाशी लग्न करायचं, हेही नाही. त्यांच्या चेहऱ्यांवर तहांची शाई वाळली आणि त्यांच्या नावावर बेटं हस्तांतरित झाली. त्या बेटांवर राहणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. राजकन्या आणि बेट ही दोन्ही एकाच करारातली कलमं होती.

आज ही बहुतेक चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर घरबसल्या पाहता येतात, आणि इतकी मोठी करून पाहता येतात की कुंचल्याचा प्रत्येक फटकारा दिसावा. व्हेलास्केझची निळ्या झग्यातली मार्गारिता आणि स्टूपची कॅथरिन एकदा शेजारी ठेवून जरूर पाहा. रेशमाचं कौतुक करा, चित्रकाराच्या हाताला दाद द्या. पण तिथेच थांबू नका. हे चित्र कुणाच्या हातात पडावं म्हणून काढलं होतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. तो विचारल्याशिवाय राजकन्येचं कोणतंही चित्र पुरतं पाहिलं, असं म्हणता येणार नाही.